थांबलेल्या गाडीचा पगार

गोंदियाहून बालाघाटच्या वाटेला लागलं की रावणवाडी मागे पडते, धानाच्या बांध्या दोन्ही बाजूंनी सोबत करतात आणि मग बाघ नदीचा पूल येतो. पुलापलीकडे राजेगाव. इथे महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश लागला, हे पाट्यांवरून कळतं. माणसांच्या बोलण्यावरून ओळखायचं म्हटलं तर अवघड. पोवारी नदीच्या दोन्ही काठांवर बोलली जाते, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात, आणि सोयरीक जुळवताना राज्य कुठलं हे कुणी विचारत नाही.

इंग्रजांनी १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा केला. पुढे जवळपास नव्वद वर्षं या मुलखाची राजधानी नागपूर होती आणि बाघ ही नुसती नदी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि नदीची हद्द झाली. हद्द आली की नाका येतो, नाका आला की रांग लागते. त्या रांगेत उभा राहणारा माणूस मात्र ठरलेला असतो: ट्रक ड्रायव्हर.

मोटारी येण्याआधी या भागातून बंजाऱ्यांचे तांडे जात. येताना मीठ, जाताना धान्य. बैलाला चारा-पाणी दिल्याशिवाय तांडा हलत नसे. विश्रांतीचा नियम तेव्हाही होता, फक्त तो बैल घालून देत असे.

आज बालाघाट जिल्ह्यातून रस्त्याने बाहेर पडणाऱ्या मालाची यादी लांबलचक आहे. भरवेली, उकवा, तिरोडी इथलं मँगनीज आहे. ते काढणाऱ्या ‘मॉइल’चं मुख्यालय नागपुरात आहे. मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची तांब्याची खाण आहे. बांबू आहे, तेंदूपत्ता आहे. आणि तांदूळ तर आहेच. बालाघाटच्या ‘चिन्नोर’ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पुलाच्या अलीकडे गोंदियात भातगिरण्यांची रांगच आहे. मालाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. तो माल हलवणारा कसा जगतो, याची चौकशी सहसा संप किंवा अपघात झाला की होते.

त्याच्या कामाबद्दल लोकांचा एक समज पक्का असतो: सतत रस्त्यावर, सतत फिरतीवर. खरी गोष्ट उलटी आहे. त्याचं अर्धं आयुष्य थांबण्यात जातं, आणि त्या थांबण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही.

एखाद्या गिरणीच्या फाटकापाशी सकाळी जाऊन उभं राहिलं तरी हे दिसतं. गाडी रात्रीच येऊन लागलेली असते. मुनीम येतो दहाला. हमालांची टोळी आधीच्या गाडीवर असते. मग काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन. मग पोती चढायला सुरुवात. मध्येच कळतं, बारदान कमी पडलं, किंवा समोरच्या पार्टीचा फोन यायचाय. भरून झाल्यावर पुन्हा काटा, कारण वजन पन्नास किलोनं जास्त निघालं तरी पुढे कुठेतरी ते महागात पडतं. मग बिल्टी, म्हणजे मालाची पावती, मग ई-वे बिल. सर्व्हर चालू असेल तर संध्याकाळपर्यंत गाडी निघते. या सगळ्या वेळात ड्रायव्हर काय करतो? गाडीजवळ असतो. झोपता येत नाही, कारण रांग हलली की गाडी दोन गाळे पुढे घ्यावी लागते. लांब जाता येत नाही, कारण नाव पुकारलं आणि माणूस नाही असं झालं की नंबर गेला.

भरून झालं की ताडपत्री. हे काम बघण्यासारखं असतं. ड्रायव्हर पोत्यांच्या थप्पीवर चढतो, घडी उलगडत मागे मागे सरकतो, खाली उतरून रस्सा हुकात अडकवतो, टाचेनं गाडीच्या बाजूवर जोर देऊन सगळं अंग मागे टाकतो आणि दोर ताणतो. एक गाठ, दुसरी गाठ. दोराचा पीळ तळव्यात उमटतो. मग टामी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन तो गाडीभोवती फेरी मारतो आणि एकेका चाकावर ठोका देऊन कान लावतो. हवा भरलेल्या चाकाचा आवाज टणक येतो, कमी हवेचा मऊ. दहाचाकी असेल तर दहा ठोके, चौदाचाकी असेल तर चौदा. हे सगळं पूर्वी क्लीनर करायचा.

क्लीनर आता फारसा दिसत नाही. पोरगा क्लीनर म्हणून लागायचा, उस्तादाच्या हाताखाली चहा आणण्यापासून चाक बदलण्यापर्यंत सगळं शिकायचा, रात्री बारानंतर मोकळ्या रस्त्यावर हळूच स्टिअरिंग हातात मिळायचं आणि चार-पाच वर्षांत ड्रायव्हर व्हायचा. ती शाळा परवडेनाशी झाली. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत, हा नियमही २०१८ मध्ये काढला गेला. त्याच वर्षी गाडीवर किती माल लादता येतो याची मर्यादा वाढली. दहाचाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. एका वर्षात माल वाढला आणि माणूस कमी झाला. दोन्ही निर्णयांमागे आपापली कारणं होती, पण केबिनमध्ये एकट्यानं बसलेल्या माणसाला ती बेरीज-वजाबाकी एकत्रच भोगावी लागते.

आता पगाराची रीत. मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यात महिन्याचा पगार आणि भत्ता मिळतो. पण देशातल्या बहुतेक गाड्या एक-दोन-चार गाड्यांच्या मालकांकडे आहेत आणि तिथे हिशेब ट्रिपवर चालतो. निघताना हातात ‘खर्ची’ मिळते. डिझेल किती, जेवण किती, पंक्चर किती, आणखी कुठे काय द्यावं लागेल ते किती, असा अंदाज बांधून. त्यातून वाचलं ते ड्रायव्हरचं. वर ट्रिपमागे ठरलेली रक्कम. चाक फिरलं तर पैसे, नाहीतर नाही. गाडी फाटकात दोन दिवस उभी राहिली तर मालक माल पाठवणाऱ्याकडे हॉल्टिंग मागतो. कधी मिळतं, कधी भांडण होतं. मिळालं तरी ते गाडीचं भाडं असतं. ड्रायव्हरच्या वाट्याला त्यातलं किती येतं, हे मालकाच्या मनावर.

गेल्या दहा वर्षांत रस्त्यावरचं थांबणं कमी करायला सरकारांनी बरंच केलं, हे मान्य करायला हवं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. मध्य प्रदेशानं १ जुलै २०२४ पासून सीमेवरचे परिवहन खात्याचे नाके बंद करून गुजरातच्या धर्तीवर फिरती तपासणी आणायचं ठरवलं. वर्षानुवर्षं ज्या नाक्याच्या नावानं ड्रायव्हरच्या कपाळाला आठी पडायची, तो राजेगावचा नाकाही त्यातच आला.

नाक्याची ‘एन्ट्री’ हा या धंद्यातला जुना शब्द. पावतीशिवाय द्यायची ती एन्ट्री. सेव्ह लाइफ फाउंडेशन या संस्थेनं २०२० मध्ये दहा शहरांतल्या बाराशेहून अधिक ड्रायव्हरांशी बोलून अहवाल केला. ट्रकवाल्यांकडून वर्षाला ४७,८५२ कोटी रुपयांची लाच उकळली जाते, असा अंदाज त्यात आहे. आकडा पाहणीवर बेतलेला आहे, रुपया न् रुपया मोजलेला नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये भोपाळजवळ एका बेवारस मोटारीत ५२ किलो सोनं आणि दहा कोटींच्या आसपास रोकड सापडली, आणि तपास मध्य प्रदेश परिवहन खात्यातल्या एका माजी शिपायापर्यंत गेला, तेव्हा हा अंदाज फुगवलेला आहे असं म्हणणाऱ्यांची अडचण झाली. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. एवढं सोनं साठायला किती एन्ट्र्या लागत असतील, याचा हिशेब धाब्यावर मात्र जोरात झाला असणार.

तर नाके उठले. मग वाचलेला वेळ कुणाकडे गेला? जो वेळ पूर्वी नाक्यावर जायचा, तो आता डिलिव्हरीच्या तारखेत धरला जातो. ‘रस्ता मोकळा आहे, उद्या सकाळी पोचशील ना?’ ही शेठची विचारणा आणि अर्थात हुकूम. गाडीवर जीपीएस आहे, तेव्हा कुठे किती वेळ उभी होती हे मालकाला मोबाइलवर दिसतं. नाक्यावर चार तास अडकलो, असं सांगून एक डुलकी काढता यायची, तीही सोय गेली. आणि पल्ला संपल्यावर मालाचं फाटक असतंच. तिथली रांग कुणीच उठवलेली नाही. शहरात अवजड गाड्यांना दिवसा बंदी असते, तेव्हा पहाटे पोचलेला ड्रायव्हर रात्री उशिरापर्यंत वेशीबाहेर बसून राहतो.

कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्यासाठी फार तर दहा तास आणि आठवड्याला ५४. सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विसावा. किती नेमका कायदा! फक्त तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू. दोन गाड्यांचा मालक त्याबाहेर. आता या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली आहे, पण दोन गाड्यांचा मालक अजून दोनच गाड्यांचा आहे.

सेव्ह लाइफच्या त्याच अहवालात ड्रायव्हरचा सरासरी दिवस जवळपास बारा तास ड्रायव्हिंगचा आणि ४१७ किलोमीटरचा निघाला. जवळपास निम्म्यांनी सांगितलं की थकवा आला, झोप आली तरी आपण गाडी चालवतो. या आकड्याशेजारी दुसरा एक ठेवावा. मालासोबत जे ई-वे बिल निघतं, त्याची मुदत १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. त्याआधी ती १०० किलोमीटरला एक दिवस होती. म्हणजे कागदाला २०० किलोमीटर जायला एक दिवस मिळतो आणि माणूस ४१७ जातो. मुदत वेगळ्या कारणासाठी आहे, हे खरं. तरी घाई कुणाची आहे, हा प्रश्न उरतोच.

झोपायचं कुठे? धाब्यावरची खाट हे उत्तर अजून चालतं. जेवण घेतलं की खाट फुकट, ही जुनी रीत. पण नव्या द्रुतगती मार्गांवर धाबाच नाही. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ५ जून २०२५ ला तो पूर्ण खुला झाला आणि पुढे गोंदियापर्यंत नेण्याचा बेत आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, सरळ काळाभोर रस्ता, वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही. सुरुवातीच्या काळात तर साध्या सोयींचीही वानवा होती. वळणाच्या रस्त्यावर डोळा लागू न देण्याचं काम रस्ताच करतो. सरळ रस्ता उलट थोपटून झोपवतो. म्हणून टोलच्या अलीकडे, पुलाखाली, मिळेल त्या कडेला रात्री गाड्या उभ्या दिसतात. त्यातल्या केबिनमध्ये सीटमागच्या फळीवर एक माणूस अर्धवट झोपलेला असतो. अर्धवट, कारण डिझेल चोरणारे आणि ताडपत्री फाडणारे त्याच वेळेला येतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ड्रायव्हरांसाठी महामार्गांवर एक हजार विश्रामगृहांची घोषणा केली. तेल कंपन्यांनी पंपांवर ‘अपना घर’ नावानं खोल्या बांधल्या. १ जुलै २०२५ पर्यंत अशी ३६८ ठिकाणं आणि ४,६११ खाटा झाल्या होत्या. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ट्रकांची संख्या ४० लाख धरली आहे. भागाकार वाचकानं करावा.

केबिनमधला उन्हाळा ही आणखी एक गोष्ट. विदर्भाच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आणि आत इंजिनाचं झाकण पायाशी तापलेलं. ८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनंतर २०२५ मध्ये नव्यानं बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांची केबिन वातानुकूलित असणं सक्तीचं झालं. नागपूरचेच खासदार असलेल्या नितीन गडकरींनी हा विषय लावून धरला होता, त्याचं श्रेय त्यांना द्यावं लागेल. जुन्या गाड्यांना मात्र हे लागू नाही, आणि या रस्त्यावरची गाडी पंधरा वर्षं सहज चालते. हिशेब लावला तर शेवटच्या भट्टीतून माणूस बाहेर यायला २०४० उजाडेल.

भीतीचे प्रकारही वेगवेगळे. राजेगाव ज्या किरणापूर भागात येतं, तिथल्याच सोनपुरी गावात १५ डिसेंबर १९९९ ला नक्षलवाद्यांनी लिखीराम कावरे यांची हत्या केली. ते तेव्हा मध्य प्रदेशचे मंत्री होते आणि खातं होतं परिवहन. ज्या भागात परिवहनमंत्र्याचा जीव वाचला नाही, तिथे रात्री गाडी घालताना ड्रायव्हर तेव्हा काय म्हणत असेल? २३ डिसेंबर २०१६ ला गडचिरोलीत सुरजागडच्या पायथ्याशी लोहखनिज न्यायला आलेल्या सत्तरहून अधिक गाड्या एका दिवसात जाळल्या गेल्या. भांडण खाणीचं होतं. जळाल्या त्या हप्त्यावर घेतलेल्या गाड्या.

पण रोजची भीती अपघाताची, आणि अपघातानंतरच्या जमावाची. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातात कुणी दगावलं आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद आहे. आधीच्या कायद्यात निष्काळजीपणानं मृत्यू ओढवला तर दोन वर्षांपर्यंत होती. १ आणि २ जानेवारी २०२४ ला देशभरातल्या ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. विदर्भात पेट्रोल पंपांवर रात्रभर रांगा लागल्या, कॅन घेऊन लोक पळू लागले. दोन दिवसांत केंद्रीय गृहसचिवांना वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलावं लागलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं गेलं. रस्त्यावर चिरडलेल्या माणसाच्या घरच्यांनाही न्याय हवा आहे. धडक देऊन पळणं माफ करता येणार नाही. तरी थांबावं तर मार, पळावं तर दहा वर्षं, हा पेच त्या माणसानं एकट्यानं, काही क्षणांत, चौदा तासांच्या जागरणानंतर सोडवायचा आहे, हेही विसरून चालणार नाही.

शरीर तर हळूहळू जातं. आधी कंबर, मग गुडघे, मग पोट, मग नजर. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत जाहीर झालेल्या, सुमारे पन्नास हजार ट्रकचालकांच्या तपासणीच्या अहवालात ५५ टक्के चालकांची नजर कमी असल्याचं निघालं. साईटसेव्हर्स ही संस्था ‘राही’ नावानं २०१७ पासून त्यांच्यासाठी महामार्गांवर शिबिरं घेते, जागेवर चष्मे देते. डोळ्यांत पाणी मारत, समोरून येणाऱ्या एलईडीच्या झोतात रस्ता शोधणारा माणूस अशा शिबिरात बसतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की पाटीवरची अक्षरं इतकी ठळक असतात.

टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, धाबे बंद झाले. मागे वीस टन तांदूळ आणि शिजवलेला घासभर भात कुठे मिळेना, अशी तेव्हा या लोकांची गत होती. टाळ्या-थाळ्यांच्या यादीत त्यांचं नाव शेवटी शेवटी आलं.

गोंदियाच्या गिरणीपाशी परत जाऊ. तिथे एकाच गाडीभोवती दोन प्रकारचे श्रमिक असतात. एक पोती चढवणारा, दुसरा गाडी चालवणारा. पोती चढवणाऱ्यासाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव अशी माणसं त्यामागे उभी राहिली. जिथे तो नीट राबवला जातो तिथे हमालाची नोंद होते, मजुरी मंडळात जमा होते, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. ती अंमलबजावणी सगळीकडे नाही, पूर्व विदर्भात तर आणखीच तोकडी. पण मागायला कायदा तरी आहे. सहा फुटांवर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला तो नाही. सेव्ह लाइफच्या पाहणीत ९३ टक्के ड्रायव्हरांनी सांगितलं की निधी, निवृत्तिवेतन, विमा यांतलं काहीच मिळत नाही. आणि ८४ टक्क्यांनी सांगितलं की आपल्या घरच्या कुणाला या धंद्यात येऊ देणार नाही. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून वाहतूकदार रडतात, त्याचं उत्तर या दुसऱ्या आकड्यात आहे.

हमालांना कायदा मिळाला, कारण ते एका बाजारात, एका आवारात रोज भेटत होते. त्यांना एकत्र बसता आलं. ड्रायव्हर आज राजेगावला, परवा रायपूरला, तेरवा आणखी कुठे. दोघं भेटले तरी एका चहापुरते. त्यांची संघटना उभी राहत नाही, यात त्यांच्या स्वभावाचा दोष कमी आणि धंद्याच्या रचनेचा जास्त आहे.

मागणी तशी लहान आहे आणि तिला नवीन खातंही लागत नाही. गाडी फाटकात आली ती वेळ आणि माल भरून किंवा उतरवून सुटली ती वेळ, दोन्ही बिल्टीवर लिहाव्यात. ठरावीक तासांपेक्षा जास्त थांबावं लागलं तर त्या तासांचे पैसे भाड्यापासून वेगळे, ड्रायव्हरच्या खात्यावर जमा व्हावेत. गिरणीवाल्याला, गोदामवाल्याला, कारखान्याला थांबवण्याची किंमत पडली की रांगा आपोआप आटोक्यात येतील.

सध्याच्या बिल्टीवर पाठवणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं, मालाचा प्रकार, नग, वजन, भाडं, गाडी नंबर असतो. तासांचा रकाना नसतो.